थंड लाव्हा, नववी ब

शाळेसमोरच्या स्टेशनरीच्या दुकानात डिसेंबरात एक आठवडा असा येतो की काउंटरपाशी मुलं दिसतच नाहीत. नुसते बाप. कुणी ऑफिसातून थेट आलेला, गळ्यातलं ओळखपत्र काढायचंही राहिलेलं. कुणाच्या हातात रिकामा डबा, कुणाच्या काखेत हेल्मेट. आणि प्रत्येकाच्या मुठीत वहीचं फाडलेलं एक पान, ज्यावर पोराच्या अक्षरात साहित्याची यादी असते आणि ती कुणालाच लागत नाही. औषधाच्या दुकानात डॉक्टरांची चिठ्ठी पुढे करताना माणसाचा जो चेहरा होतो, तसे सगळ्यांचे चेहरे.

प्रस्तुत लेखक या रांगेत चौथे होते.

"कितवी?" दुकानदाराने मान वर न करता विचारलं.

"नववी."

"पवनचक्की, ज्वालामुखी की जेसीबी?"

"पानावर नुसतं 'विज्ञान प्रकल्प' लिहिलंय."

"मग ज्वालामुखी न्या. पवनचक्कीच्या मोटरी संपल्या. आणि जेसीबी तुम्हाला जमायचा नाही."

मान वर न करता माणसाचं माप काढणारे दोनच: जुने शिंपी आणि शाळेसमोरचे स्टेशनरीवाले. प्रस्तुत लेखकांनी आयुष्यात भिंतीत खिळा एकदाच ठोकला आहे. खिळा आत गेला नाही, भिंत मात्र बाहेर आली. त्या जागी आता कॅलेंडर असतं. वर्ष बदलतं, कॅलेंडरची जागा बदलत नाही.

दुकानदाराने भराभर माल काढला. प्लायवूडचा तुकडा, दोन किलो प्लॅस्टर ऑफ पॅरिस, फेविकोल, पोस्टर कलर, हिरव्या रंगवलेल्या भुशाची पिशवी, प्लॅस्टिकची बारा झाडं आणि चार डायनासोर.

"डायनासोर कशाला?"

"ज्वालामुखीबरोबर लागतातच. सगळे नेतात."

घरी आल्यावर लक्षात आलं की चौथा डायनासोर हा गेंडा होता.

प्रस्तुत लेखकांच्या शाळेच्या दिवसांत 'प्रकल्प' या शब्दाचा अर्थ वेगळा होता. प्रकल्प म्हणजे कोयना, प्रकल्प म्हणजे जायकवाडी. तो सरकार करायचं, त्याला वर्षानुवर्षं लागायची आणि त्यात माणसांना राहती घरं सोडावी लागायची. हल्लीचा प्रकल्प नववी ब मधला मुलगा करतो, त्याला तीन रात्री लागतात. घर सोडावं लागण्याचा भाग तेवढा कायम आहे. हॉलमधला सोफा बाल्कनीत गेला, टीपॉय बेडरूममध्ये गेला, आणि आजोबांचं पुनर्वसन स्वयंपाकघराच्या दाराशी झालं.

याची सुरुवात कधी झाली हे सांगता येतं. 2010 साली महाराष्ट्रात पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. एका लेखी परीक्षेवर मुलाला जोखू नये. तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय अशा अनेक अंगांनी त्याला पाहावं, असा त्यामागचा विचार. विचार उत्तमच होता. त्यात फक्त एक गोष्ट कुणी धरली नव्हती, ती म्हणजे मराठी मध्यमवर्गीय पालक. मूल पारखायला निघालेली पद्धत बघता बघता घर पारखू लागली. आठवीपर्यंत ही सवय हाडीमाशी खिळते आणि नववी-दहावीत अंतर्गत गुणांच्या नावाखाली पुढे चालू राहते. त्यातून गुणांचं गणित पालकांना मुलांपेक्षा पाठ. रेखाकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत ए ग्रेड मिळाली तर दहावीला 7 गुण वाढून मिळतात, बी ला 5, सी ला 3, हे समजल्यापासून ज्या घरांत गणपतीच्या मखराला रंग द्यायलाही माणूस बोलवत, तिथले बाप स्थिरचित्रातल्या वांग्याची सावली कुठल्या बाजूला पडावी यावर तावातावाने बोलू लागले.

शिक्षकांचे हालही कमी नाहीत. साठ मुलांच्या वर्णनात्मक नोंदी लिहायच्या, त्याही प्रत्येकाच्या वेगळ्या. 'उपक्रमात उत्साहाने सहभागी होतो', 'गटात मिळून मिसळून काम करतो', 'स्वतःहून पुढाकार घेतो' ही वाक्यं फिरवून फिरवून विसाव्या मुलापर्यंत पुरतात. एकविसाव्यापासून बाई खिडकीबाहेर बघू लागतात. शिवाय प्रत्येक उपक्रमाचा फोटो काढून पाठवायचा असतो. वृक्षारोपणाचा फोटो नीट आला नाही म्हणून तेच रोप पुन्हा उपटून पुन्हा लावल्याची गोष्ट कुठल्याही शाळेत सांगा, लोक विचारतात, "तुम्ही आमच्या शाळेत होतात का?"

प्रकल्पाबरोबर फाईल द्यावी लागते. अनुक्रमणिका, प्रस्तावना, उद्दिष्टे, साहित्य, कृती, निष्कर्ष, ऋणनिर्देश. ही फाईल शाळेजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे तयार मिळते आणि पिढ्यानपिढ्या एकाच मूळ प्रतीवरून निघत असल्यामुळे सिंधुदुर्गातल्या मुलाच्या प्रस्तावनेत 'आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातील कडक उन्हाळा' सुखाने नांदतो. या सबंध फाईलमध्ये खरं वाक्य एकच असतं, तेही ऋणनिर्देशात: 'हा प्रकल्प पूर्ण करताना मला माझ्या आईवडिलांचे मोलाचे सहकार्य लाभले.'

तर सहकार्य पहिल्या रात्री सुरू झालं. मधे प्लॅस्टिकची बाटली, तिच्याभोवती वर्तमानपत्राचे बोळे, वर प्लॅस्टर. सांगायला सोपं. प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा स्वभाव असा की पाणी घातल्यावर बराच वेळ ते खिरीसारखं बसून राहतं, आणि आपण फोन घ्यायला वळलो की दगड होतं. पहिला किलो बादलीतच गोठला. ती बादली आता कायमची अर्धी आहे.

"बाबा, मी काय करू?" चिरंजीवांनी विचारलं.

"तू हात लावू नकोस, ओलं आहे."

दुसऱ्या रात्री रंग. "बाबा, मी काय करू?"

"नको, रंग ओला आहे."

तिसऱ्या रात्री भुसा चिकटवायचा होता, आणि फेविकोल ओलाच असतो. शेवटी पोरगं पायात पायात येतं म्हणून प्रस्तुत लेखकांनी त्याच्या हातात खायच्या सोड्याचा डबा आणि व्हिनेगरची बाटली दिली आणि सांगितलं, "जा, बाल्कनीत जाऊन हे फसफसतंय का बघ. इकडे येऊ नकोस." तो एक काचेचा ग्लास, चहाचा चमचा आणि पट्टी घेऊन गेला. मधून मधून आत येऊन भांडी घासायचं लिक्विड घेऊन जाई. एकदा कपडे धुवायचं मापाचं झाकण घेऊन गेला. कुणी लक्ष दिलं नाही.

पालकांच्या ग्रुपवर त्या वेळी रात्रीचे अकरा वाजून गेले होते आणि वर्दळ ऐन संध्याकाळच्या भाजी मंडईसारखी होती. "ड तुकडीला पण आहे का?" "कार्डशीट पिवळी की पांढरी?" "आमच्या मुलीने सगळं स्वतः केलं," असं एका आईने लिहिलं आणि खाली फोटो टाकला. फोटोत एक ओव्हरब्रिज होता, त्यावर दिवे लागले होते आणि खालून मेट्रो जात होती. पाच मिनिटं कुणी काही लिहिलं नाही. मग कुणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकलं.

ज्वालामुखीची चाचणी स्वयंपाकघरात झाली. दोन फुटी शंकू ओट्यावर चढवण्यात आला. प्रस्तुत लेखकांनी माथ्यावरून सोडा घातला, लाल रंग घातला, आणि व्हिनेगर ओतलं. आत गुरगुर झाली. सगळ्यांनी माथ्याकडे बघितलं. माथ्यावर काही आलं नाही. मात्र शंकूला पायथ्याशी एक तडा गेला होता, त्यातून लाल फेस शांतपणे बाहेर आला, ओट्यावरून पसरत गेला, गॅसच्या शेगडीखाली शिरला आणि पोळ्यांच्या डब्याला वळसा घालून थांबला.

"अहो, उद्याची इडली आता कशात फुगणार? सोडा संपवलात सगळा," आतून आवाज आला.

आजोबा मात्र खुर्चीवरून उठून उभे राहिले. तीस वर्षं त्यांनी भूगोल शिकवलेला. त्यांनी फेसात बोट बुडवलं, वर धरलं आणि म्हणाले, "थंड आहे रे!"

म्हणजे काय, असं सगळ्यांनी विचारलं. मग कळलं की खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड सुटतो, फेस येतो, पण ही क्रिया उष्णता देत नाही, उलट आजूबाजूची खेचून घेते. खरा बेसाल्टचा लाव्हा अकराशे-बाराशे अंश सेल्सिअसला वाहतो आणि आमचा खोलीतल्या हवेपेक्षाही गार. महाराष्ट्रातल्या शाळाशाळांतून वर्षानुवर्षं जे उद्रेक होतात त्यांवर ताक थंड करता येईल.

"पण तडा झकास गेलाय," आजोबा म्हणाले. "हाच खरा आपला ज्वालामुखी. तो शंकू कुठून आणलास?"

"शंकू म्हणजे... ज्वालामुखीला शंकू असतोच ना."

"जपानात असतो. इथे कुठे बघितलास?"

आणि मग ओट्यावरचा लाव्हा फडक्याने टिपला जात असताना घरात भूगोलाचा तास झाला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये जो लाव्हा आला तो डोंगराच्या टोकातून उसळून नव्हे, तर जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून. आला, पसरला, थिजला. त्यावर पुन्हा आला. थरावर थर. आजही त्यानं व्यापलेला प्रदेश सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर भरतो आणि काही ठिकाणी थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरवर जाते. सह्याद्रीचे कडे पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात ते यामुळेच. 'डेक्कन ट्रॅप' मधला ट्रॅप हा शब्द स्वीडिश भाषेतल्या पायरी या अर्थाच्या शब्दावरून आला. अजिंठा-वेरूळची लेणी यातच कोरलेली, आणि शिवरायांचे सह्याद्रीतले गड याच्यावरच उभे.

"आणि हा," आजोबांनी ओट्याखालचा पाटा पायाने दाखवला, "हाही तोच. तुझी आजी साडेसहा कोटी वर्षांच्या लाव्ह्यावर चटणी वाटायची. नेऊन ठेव हा टेबलावर. प्रकल्प झाला."

प्रस्तुत लेखकांनी दोन किलो प्लॅस्टरचे पैसे मोजले होते. त्यांनी एम-सील आणून तडा बुजवला.

"डायनासोर ठेवलेस ते बरं केलंस," आजोबा जाता जाता म्हणाले. "ते तेव्हाच गेले. गेंडा काढ."

गेंडा फेविकोलने पक्का बसला होता.

प्रदर्शनाच्या दिवशी प्रस्तुत लेखकांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. रिक्षात ज्वालामुखी मांडीवर होता आणि चिरंजीव पुढे रिक्षावाल्याच्या शेजारी अंग चोरून. शाळेच्या दारातच मोठा फ्लेक्स होता: 'तालुकास्तरीय स्पर्धेत तृतीय क्रमांक पटकावल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. त्यावर संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचे आठ फोटो होते. विजेती मुलगी खाली कोपऱ्यात होती, पोस्टाच्या तिकिटाएवढी. आत गेल्यावर करंडकांचं काचेचं कपाट. त्याला कुलूप. किल्ली कुणाकडे हे शाळेत फक्त एका शिपायाला ठाऊक असतं आणि तो नेमका त्या दिवशी बँकेत गेलेला असतो.

हॉलमध्ये टेबलांच्या रांगा होत्या. पहिल्याच टेबलावर 'प्लॅस्टिकमुक्त शहर'. राज्यात 2018 मध्ये थर्माकोल आणि प्लॅस्टिकच्या वस्तूंवर बंदी आली, तिच्या समर्थनार्थ उभं केलेलं हे शहर पायापासून गच्चीपर्यंत थर्माकोलचं होतं आणि रस्त्याकडेची झाडं प्लॅस्टिकची. शेजारी 'पाणी अडवा, पाणी जिरवा'. त्यातलं पाणी अडत नव्हतं, जिरत मात्र होतं, थेट शेजारच्या टेबलावरच्या फाईलमध्ये. दोन ठिकाणी पावसाच्या पाण्याचं पुनर्भरण, तीन ठिकाणी सौर शेगडी. हॉलमध्ये ऊन येत नसल्यामुळे सौर शेगडीवर टॉर्च धरला होता. ज्वालामुखी एकूण सहा. भारतात जिवंत ज्वालामुखी एकच आहे, अंदमानातलं बॅरन बेट. नववी-दहावीच्या हॉलमध्ये अर्धा डझन. त्यातल्या एकावर सुबक अक्षरात 'लोणारचा ज्वालामुखी' असं लिहिलं होतं. लोणारचं सरोवर उल्का आदळून झालेलं आहे, हे तिथल्या मुलाच्या वडिलांना सांगावं असं प्रस्तुत लेखकांच्या मनात आलं होतं. पण त्यांच्या शंकूला तडा नव्हता, त्यामुळे नाही सांगितलं.

आणि मधोमध जेसीबी. इंजेक्शनच्या सिरिंजा, सलाईनच्या नळ्या, रंगीत पाणी. एक सिरिंज दाबली की सोंड वर, दुसरी दाबली की बादली उलटी. तो चालवणाऱ्या मुलाचे मामा हायड्रॉलिकच्या वर्कशॉपमध्ये आहेत, ही बातमी हॉलभर पसरली होती आणि बाकीचे बाप ती चहाबरोबर पुन्हा पुन्हा सांगत होते.

परीक्षक आले. प्रदर्शनातल्या मुलांना बोलणं पाठ करून घेतलेलं असतं: "नमस्कार, आमच्या प्रकल्पाचे नाव आहे..." इथपासून "धन्यवाद" इथपर्यंत एका श्वासात. मधे कुणी प्रश्न विचारला की गाडी रुळावरून उतरते आणि पुन्हा 'नमस्कार' पासून सुटते. थर्माकोलच्या शहराने चार वेळा नमस्कार केला. प्रश्न विचारायची ही सवय परीक्षकांना मोठ्या स्पर्धांतून लागलेली आहे. सहावी आणि नववीसाठी 1981 पासून चालू असलेली डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा घ्या. तिथे लेखी आणि प्रात्यक्षिकानंतर स्वतः केलेला कृती-संशोधन प्रकल्प दाखवावा लागतो आणि मुलाखत द्यावी लागते. मुलाखतीच्या खोलीत मामांना सोडत नाहीत.

आमच्या टेबलाशी परीक्षक थांबले. प्रस्तुत लेखक खांबाआड उभे राहिले, म्हणजे त्यांना वाटलं तसं. चिरंजीवांनी माथ्यातून सोडा घातला, व्हिनेगर ओतलं. आत गुरगुर झाली. एम-सीलची पट्टी खपलीसारखी निघून गेंड्याच्या पाठीवर पडली आणि लाल फेस पायथ्यातून वाहू लागला.

"अरे, हे खालून कसं?" परीक्षक म्हणाले.

"आपल्याकडे खालूनच येतो, सर. भेगेतून."

परीक्षकांनी चष्मा वर केला. "हे तू केलंस?"

खांबाआड श्वास रोखला गेला.

"नाही सर. बाबांनी केलं. मला हात लावू दिला नाही. मी फक्त सोडा किती ते बघितलं."

"किती?"

मग त्याने खिशातून वहीचं घडी घातलेलं पान काढलं. अर्धा कप व्हिनेगरला एक चमचा सोडा: फेस 9 सेंटिमीटर. दोन चमचे: 13. तीन चमचे: 13. चार चमचे: 13, आणि तळाशी पांढरं उरतं. प्रत्येक माप तीन वेळा घेतलेलं, कारण पहिल्यांदा पट्टी तिरकी धरली गेली होती, अशी प्रामाणिक नोंद शेजारी. खाली लिहिलेलं: 'सोडा वाढवून उपयोग नाही. व्हिनेगर संपतं. व्हिनेगर वाढवलं की परत वाढतो.'

परीक्षकांनी पान हातात घेतलं आणि जवळजवळ पाच मिनिटं ते दोघं सोड्याबद्दल बोलत राहिले. भांडी घासायचं लिक्विड कशाला घातलं, असं त्यांनी विचारलं. फेस लवकर बसतो, मोजता येत नाही, म्हणून. लिक्विड किती घातलं? झाकणभर, दर वेळी तेवढंच. नाहीतर कशामुळे वाढलं ते कळणार नाही. शंकूकडे कुणी पाहिलं नाही. दोन फुटी, पाच रंगांत रंगवलेल्या, माथ्याला खास बर्फ लावलेल्या शंकूकडे.

पहिला क्रमांक जेसीबीला गेला. यात अन्याय नाही. मामांचं काम खरोखरच सफाईदार होतं. दुसरा ओव्हरब्रिजला. चिरंजीवांना उत्तेजनार्थ मिळालं आणि विज्ञानाच्या बाईंनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की ते सोड्याचं पान फाडून टाकू नकोस, पुढच्या वर्षी इन्स्पायर-मानकला कल्पना पाठवायच्या असतात, तेव्हा असं काहीतरी शोध. त्या योजनेत कल्पना निवडली गेली तर विद्यार्थ्याच्या खात्यात 10 हजार रुपये जमा होतात. हा आकडा ऐकून प्रस्तुत लेखक खांबाआडून बाहेर आले.

"शंकूबद्दल काही म्हणाले का रे सर?" रिक्षात बसल्यावर त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"म्हणाले, ग्लास आणला असतास तरी चाललं असतं."

थोडा वेळ कुणी बोललं नाही.

"आणि गेंड्याबद्दल विचारलं. तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे काय करत होता म्हणून."

"मग तू काय सांगितलंस?"

"तो पण बाबांनी लावला, असं सांगितलं."

घरी आल्यावर प्रमाणपत्र आजोबांनी वाचलं आणि पाट्याखाली दाबून ठेवलं, वाऱ्याने उडू नये म्हणून. सोफा बाल्कनीतून परत आला. टीपॉयचा एक पाय येताना दारात अडकून सैल झाला. तो दुरुस्त करायला प्रस्तुत लेखक हातोडी शोधत असताना ती घरातल्यांनी कुठेतरी ठेवून दिल्याचं निष्पन्न झालं.

ज्वालामुखी सध्या माळ्यावर आहे. उंची दोन फूट, बर्फाच्छादित, पायथ्याला एक तडा, सोबत तीन डायनासोर आणि एक गेंडा. कुणाच्या घरी सहावी ते दहावीतलं मूल असेल आणि डिसेंबर जवळ आला असेल, तर संध्याकाळी सातनंतर येऊन घेऊन जावा. पैसे नकोत. सोडा आणि व्हिनेगर मात्र आपापलं आणावं.